मालवणच्या मासळीबाजारात पहिल्यांदा जाणाऱ्या सोलापूरकरांसाठी

सोलापुरात मासा म्हणजे उजनीचा मासा. चिलापी, कटला, राहू, नशीब असेल तर मरळ किंवा वांब. सगळे गोड्या पाण्यातले. समुद्राचा मासा आपल्याकडे येतो तो बर्फात दोन-तीन दिवस झोपून, आणि तोही बहुतेक वेळा सुरमई नाहीतर बांगडाच. त्यामुळे आपण सुट्टीला मालवणला गेलो की तिथल्या मासळीबाजारात दोनपैकी एक गोष्ट करतो. नाकाला रुमाल लावून पाच मिनिटांत बाहेर पडतो, किंवा "पापलेट कसं दिलं?" एवढं एकच वाक्य बोलून, सांगितलेला भाव देऊन, जे हातात पडेल ते घेऊन येतो. मी दोन्ही केलंय. चार-पाच फेऱ्यांनंतर जे कळलं ते इथं लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट. लक्ष्मी मंडईत भाजी घ्यायला गेल्यावर तुम्ही डोक्यात मेथी ठरवून जाता, पण पालक कोवळा दिसला की मेथी विसरता. मासळीबाजारातही तेच करायचं असतं. पापलेट-सुरमईची यादी सोलापुरात ठेवून जा. त्या दिवशी समुद्रानं जे दिलं तेच चांगलं असतं आणि बहुतेक वेळा स्वस्तही.

कधी जायचं

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. हा काळ माशांच्या प्रजननाचा, आणि समुद्रही खवळलेला. शाळेची सुट्टी १५ जूनपर्यंत आहे म्हणून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मासे खायला निघणारे लोक मला माहीत आहेत. त्यांना खाडीचं थोडंफार मिळतं, बाकी ताटात येतं ते बर्फातलं. त्यापेक्षा नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. ऊन बेताचं आणि बाजार भरलेला. आंबे हवे असतील तर एप्रिल-मे, पण तेव्हा घामाची तयारी ठेवा. आपलं ऊन कोरडं असतं, तिथलं अंगाला चिकटतं.

वारही बघा. रविवार, बुधवार, शुक्रवार हे खाणाऱ्यांचे वार, त्या दिवशी गर्दी आणि भाव दोन्ही चढे. सोमवारी, गुरुवारी पुष्कळ घरांत मासे शिजत नाहीत, म्हणून गिऱ्हाईक कमी असतं आणि बाई जरा निवांत बोलते. संकष्टी कधी आहे तेही पाहून ठेवलं तर वाईट नाही.

सोलापूरहून अंतर साडेतीनशे-पावणेचारशे किलोमीटर. मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर, आणि तिथून फोंडाघाटानं किंवा गगनबावड्यावरून खाली. कुठला घाट चालू आहे हे कोल्हापुरात चहाला थांबाल तेव्हा विचारून घ्या, पावसाळ्यानंतर कधी कुठं काम निघेल सांगता येत नाही. आठ-नऊ तास धरा.

खोली घेताना एकच प्रश्न

"आम्ही मासे आणले तर करून द्याल का?" हा प्रश्न फोनवरच विचारा. माझ्या पहिल्या फेरीत मी न विचारता लॉज घेतला, सकाळी उत्साहानं दोन किलो कोळंबी आणली, आणि मग कळलं की तिथं चहासुद्धा बाहेरून येतो. ती पिशवी घेऊन आम्ही नवरा-बायको तीन खानावळींच्या दारात उभे राहिलो. दोघांनी नाही म्हटलं, तिसऱ्या मावशींनी घेतली, पण दुपारी दोननंतर या म्हणाल्या. तोपर्यंत पोरांनी वडापाव खाल्ला होता.

घरगुती राहायची सोय देणारे बरेच जण मासे करून देतात. मसाला, नारळ, गॅस आणि मेहनतीचे पैसे वेगळे घेतात, ते आधी ठरवावेत. किती वाजता आणून दिलं तर दुपारच्या जेवणाला होईल हेही विचारावं. साधारण दहाच्या आत पोचवलं तर घरातल्या बाईची धावपळ होत नाही आणि तुमचं जेवणही वेळेवर होतं.

पहाटे किनाऱ्यावर: लिलाव बघा, बोलू नका

बोटी पहाटे येतात, काही दुपारनंतर. उजाडायच्या सुमारास बंदरावर गेलात तर लिलाव बघायला मिळतो. समोर सिंधुदुर्ग किल्ला, पायाखाली ओली वाळू, आणि टोपल्यांभोवती माणसांचं कोंडाळं. आपल्या मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पाहिला असेल तर ओळखीचं वाटेल. बोलणारा एक, ऐकणारे वीस, आणि भाव तोंडातून कमी, मानेच्या हालचालीतून जास्त. फरक इतकाच की कांदा उद्यापर्यंत थांबतो, मासा थांबत नाही. म्हणून इथला लिलाव फार झटपट उरकतो.

हा लिलाव तुमच्यासाठी नाही. अख्खी टोपली जाते, घेणाऱ्या असतात बाजारात बसणाऱ्या बाया, हॉटेलवाले आणि व्यापारी. बाजूला उभं राहायचं, मध्ये हात वर करून फोटो काढायचा नाही. कुणाचा हात वर दिसला की बोली समजली जाण्याची शक्यता असते आणि मग हसण्यावारी न्यायला त्यांच्याकडे वेळ नसतो. पायात बूट नकोत. साध्या रबरी चपला घाला, धुता येतात.

नशीब असेल तर किनाऱ्यावर रापण ओढताना दिसेल. होडीनं मोठं जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात. दोराला हात लावायचा असेल तर आधी विचारा. बहुधा हो म्हणतात. पंधरा मिनिटांत तळहात लाल होतात, आणि जाळं जवळ आल्यावर त्यात जे चमचमतं ते पाहून पोरं सुट्टीभर दुसरं काही बोलत नाहीत.

बाजारात: आधी एक फेरी

पिशवी काखेत ठेवा आणि एक चक्कर नुसती मारा. कुठल्या पाटीवर काय आहे, कुठं गर्दी आहे, गावातले लोक कुणाकडं थांबतात हे बघा. ज्या पाटीपुढं स्थानिक बायका वाकून मासा उलटा करून बघतायत ती पाटी लक्षात ठेवा.

मग बोला. "मावशी" म्हटलेलं चालतं. सोलापुरी "काय बे" तिथं तोंडातून निघू देऊ नका, प्रेमानं म्हटलं तरी. ती तुम्हाला विचारेल, "खंयसून इलास?" म्हणजे कुठून आलात. सोलापूर म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "थंय मासे गावतत?" तिथं मासे मिळतात का, हे त्यांना खरंच कुतूहल असतं. मी एकदा उजनीच्या चिलापीचं कौतुक सांगायला लागलो तर शेजारच्या पाटीवरच्या बाईनं "गोड्या पाण्याचो" एवढंच म्हणून तोंड फिरवलं. त्या दोन शब्दांत सगळं आलं.

नावं वेगळी पडतात. सुरमईला इसवण म्हणतात, कोळंबीला सुंगटां, तारलीला पेडवे, खेकड्याला कुर्ली. नाव कळलं नाही तर बोट दाखवायचं, लाजायचं नाही. आणि सगळ्यात उपयोगी प्रश्न भावाचा नाही, हा आहे: "मावशी, आज तुमच्या घरी काय करणार?" त्याचं उत्तर आलं की तेच घ्यावं. एकदा असंच विचारल्यावर मुडदुशे हातात पडले. बोटाएवढे, चंदेरी, नाव आधी कधी ऐकलं नव्हतं. रव्यात घोळवून तळल्यावर त्या दिवशीची सुरमई कुणी विचारली नाही.

मोठे मासे किलोवर किंवा नगावर, आणि मांदेली, पेडवे, कोळंबी, तिसऱ्या (म्हणजे शिंपल्या) असा बारीक माल वाट्यावर मिळतो. वाटा म्हणजे समोर लावलेला ढीग. घासाघीस करायची, पण आपल्या मंगळवार बाजारासारखी निम्म्यापासून नाही. भाव पाडून मागण्यापेक्षा "वाट्यात अजून चार घाला" म्हटलेलं जास्त चालतं. सकाळची पहिली भवानी व्हायची असेल तर नुसता भाव विचारून पाठ फिरवू नका. आपल्याकडच्या भाजीवाल्या मावशीला जसा राग येतो, तसाच तिलाही येतो.

किती घ्यायचं? अख्खा मासा असेल तर माणशी पाव किलोच्या थोडं वर पुरे. डोकं, पोट, शेपूट जाऊन बरंच कमी होतं. कोळंबी सोलल्यावर साधारण निम्मी उरते. तिसऱ्यांत वजन सगळं शिंपल्यांचं, म्हणून दोन वाटे घेताना कचरू नका. बांगडे माणशी एक किंवा दोन. आपण सगळे भीतीनं जास्त घेतो आणि संध्याकाळी वाया घालवतो.

आणि हाताच्या तळव्याएवढं पापलेट स्वस्त दिसलं तरी घेऊ नका. पापलेट २०२३ पासून आपला राज्यमासा आहे, आणि पिल्लं पकडून विकल्यामुळेच तो कमी झालाय. एका पिल्लात दोन घास असतात, पैसेही त्यात फुकट जातात.

ताजा कसा ओळखायचा

इथं घाई करू नका. आपण कलिंगड ठोकून बघतो, दोडका वाकवून बघतो, ढोबळीचा देठ बघतो. माशाचंही तसंच.

पहिला डोळा. ताज्या माशाचा डोळा फुगीर आणि स्वच्छ, जणू वरून पाणी फिरवलंय. शिळ्याचा डोळा आत बसतो, त्यावर दुधासारखी साय येते. पण डोळ्यावर एकट्यावर विसंबू नका, बर्फाला टेकून राहिल्यानंही तो धूसर होतो.

म्हणून दुसरी गोष्ट, गालाखालचे कल्ले. अंगठ्यानं गालाचं झाकण वर उचला. आत लालभडक दिसलं पाहिजे. विटकरी झालं तर दिवस उलटून गेलाय, तपकिरी-राखाडी असेल तर पुढं चला. काही ठिकाणी आधीच डोकी कापून ठेवलेली असतात. तिथं तुमचा सगळ्यात चांगला पुरावाच गेलेला असतो.

तिसरी, बोट. पोटाजवळ दाबा आणि सोडा. खड्डा लगेच भरून आला तर घ्या. बोटाचा ठसा तसाच राहिला तर कौतुक करून पुढं व्हा. आणि वास. ताज्या मासळीला समुद्राचा वास येतो, थोडा मिठाचा, थोडा शेवाळाचा. नाकात खुपणारा, अमोनियासारखा वास आला तर तो मासा नको. "बाजारात असाच वास येतो" असं समजून आपण सोलापूरकर इथं फसतो, कारण आपल्याला दोन्ही वास सारखेच नवे.

कोळंबीचं डोकं घट्ट बसलेलं हवं. लोंबायला लागलं, काळं पडलं की ती जुनी. खेकडा हातात घेतला की आकारापेक्षा जड लागला पाहिजे. किनाऱ्यावरचे लोक सांगतात की अमावास्येच्या आसपास खेकडे भरलेले आणि पौर्णिमेला पोकळ असतात, म्हणून ते तिथी बघून घेतात. मी तिथी विसरतो आणि वजनावर जातो. तिसऱ्या मिटलेल्या घ्या. उघडी असेल तर टिचकी मारा, मिटली तर जिवंत आहे. आणि शिजल्यावरही जी उघडली नाही ती खायची नाही, टाकायची.

साफ करून घेणं

बाजारातच साफ करून देणाऱ्या बाया असतात. पैसे वेगळे, भाव आधी विचारा. त्यांचं काम बघण्यासारखं असतं. आमची सुरमई घेतलेल्या बाईनं पायानं विळी दाबून धरली, एका हातानं शेपूट, आणि पात्यावरून मासा असा सरकवला की कल्ले, पंख, पोट सगळं चार हालचालींत मोकळं. मग गोल तुकड्या, सगळ्या एका जाडीच्या. मी घरी हे करायला गेलो असतो तर किमान एक बोट गेलं असतं.

सांगताना नीट सांगा: "कालवणाला" की "तळायला". तळायच्या तुकड्या पातळ, कालवणाच्या जाड. डोकं फेकू नका म्हणावं, कालवणाची चव तिथंच असते. आपल्याकडं राहू-कटल्यात बारीक दुतोंडी काटे असतात, म्हणून घरात पोरांना मासा द्यायची भीती. सुरमईत मधला काटा काढला की मोकळं. पोरांना मासा शिकवायचा तर सुरमईपासून सुरुवात करा. पेडव्यांपासून करू नका, काटे मोजता येत नाहीत.

बर्फ

हे वाचून सोडून देऊ नका. मासा घेतल्यावर किल्ला बघू, मग जेवायला जाऊ, असा विचार असेल तर मासा घेऊच नका. बांगडा, सुरमई, कुपा (म्हणजे ट्यूना) या जातीचे मासे उन्हात राहिले की त्यांच्या मांसात जिवाणूंमुळे हिस्टामिन तयार होतं. ते शिजवल्यानंही जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल, अंगावर गांधी, डोकं दुखणं. आपण म्हणतो पित्त उठलं. मला उठलं होतं, आणि मी दोष दिला सोलकढीला! बाजारातच बर्फ मिळतो, मासे एका पिशवीत घालून ती पिशवी बर्फाच्या पिशवीत ठेवा आणि थेट खोलीवर जा. किल्ला कुठं जात नाही.

मासे न खाणाऱ्यांनी काय करायचं

आमच्या घरी अर्धे जण शाकाहारी. त्यांना बाहेर उभं करू नका, बाजाराचा दुसरा भाग त्यांचाच आहे. आमसूल, कोकमाचं आगळ, तिरफळं, कुळथाची पिठी, उकडे तांदूळ, मालवणी मसाला, खाजा. मार्च-एप्रिलमध्ये ओले काजूगर मिळाले तर किमतीकडं न बघता पाव किलो घ्या, ही भाजी सोलापुरात बसून मिळणार नाही.

आगळ आणि सरबताचा कोकम सिरप यांत घोळ करू नका. सिरप गोड असतं, आगळ आंबट आणि खारट. आमच्या मेव्हण्यानं सिरप घालून सोलकढी केली होती, ती आम्ही अजून विसरलेलो नाही. आगळ घातलं की कढी आधी चाखा, मगच मीठ. तिरफळ बांगड्याच्या तिखल्यात ठेचून घालतात, पण चावायचं नसतं. आतलं काळं बी काढून टाकतात.

हापूसचं एक सांगतो. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्गासह कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी पेटीवर देवगड छापलंय म्हणून आतला आंबा देवगडचाच असेल असं नाही. कर्नाटकातला आंबा आपल्या सोलापुरातही हापूस म्हणूनच येतो, आपल्याला तो डोळ्यांनी चांगला ओळखता येतो, तोच डोळा तिथं वापरा. जमलं तर बागेतून घ्या, नाहीतर राहता त्या घरच्यांना आणायला सांगा.

जाताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर न्या, पण स्वतःसाठी नव्हे. करून देणाऱ्या घरी द्या. आम्ही दिली, दुसऱ्या दिवशी कालवणाची वाटी न मागता भरून आली. कडक भाकरी माशाच्या कालवणात चुरून खायला मात्र त्यांनी आमच्यासमोर नकार दिला, भातच हवा म्हणाले.

परत येताना

ओला मासा सोलापूरपर्यंत आणायचा हट्ट मी सोडलाय. थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून आणता येतो, पण कोल्हापूरपर्यंत निम्मं पाणी होतं, मिरजेला पुन्हा बर्फ शोधायचा, आणि गाडीच्या डिकीला जो वास लागतो तो पुढच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत टिकतो. एसटीनं जाणार असाल तर विचारही करू नका. शेजारचा माणूस टेंभुर्णीचा असो की टाकळीचा, बोलणार.

सुकं आणा. सुके बांगडे, बोंबील, जवळा, सोडे. घेताना मोडून बघा. कडक वाजलं पाहिजे, रबरासारखं वाकलं तर आत ओल आहे, आठवड्यात बुरशी येईल. लालसर किंवा हिरवट ठिपके नकोत. जवळा मूठभर तळहातावर चोळा, खाली वाळू किती पडते ते दिसतं. वर्तमानपत्रात गुंडाळा, मग दोन प्लास्टिकच्या पिशव्या, आणि दोन्हींना गाठ. चादरीच्या किंवा कपड्यांच्या बॅगेत ठेवू नका.

घरी पोचल्यावर आपल्या उन्हाचा फायदा घ्या. कोकणात सुकं कितीही वाळवलं तरी हवेची ओल शोषतं. सोलापूरच्या एप्रिलमध्ये गच्चीवर दोन दिवस पसरलं की काटकीसारखं होतं आणि घट्ट झाकणाच्या बरणीत कित्येक महिने राहतं. खाली जुनं धोतर, वर मच्छरदाणी, मच्छरदाणीच्या चारही कोपऱ्यांवर विटा. एका कोपऱ्यावर वीट ठेवायची राहिली होती आमची, आणि गल्लीतल्या तीन मांजरांनी अर्धा किलो बोंबील एका दुपारी संपवले.